पंगतीतली बाई

आमच्या घरात एक सांगाडा होता, आणि रोज दिवेलागणीला त्याला भिंतीकडं तोंड करून राहावं लागायचं. खरा नव्हे हो, चित्रातला. फ्रान्समधल्या कुठल्यातरी जुन्या सिनेमाचं पोस्टर होतं ते. दोन फूट बाय अडीच फूट, काचेच्या फ्रेममध्ये, एकाच खिळ्यावर तारेनं टांगलेलं. देवापुढं दिवा लावायच्या आधी आई पदर खोचून यायची, फ्रेम उचलायची, उलटी करून परत टांगायची, आणि मग हात धुऊन दिव्याकडं जायची. सकाळी केर काढताना फ्रेम परत सुलटी. आईचं माहेर गगनबावड्याकडचं. तिकडं पावसाळ्यात दुपारी चारलाच अंधार दाटतो, आणि अंधारात कशाला घरात घ्यायचं नि कशाला नाही, याचे त्यांचे नियम पक्के. "तिन्हीसांजेला लक्ष्मी यायची येळ, आणि हितं हे हाडूक दात इचकून बसलंय. ती यील व्हय घरात?" असं ती म्हणायची. आबा हसायचे. पण उलटी केलेली फ्रेम त्यांनी कधी परत सुलटी केली नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, सिनेमाचे बॅनर रंगवायचे. कोल्हापुरात तेव्हा टॉकीज होती भरपूर, आणि प्रत्येक टॉकीजच्या कपाळावर वीस-वीस फुटांचे चेहरे. बुधवार-गुरुवार आबा घरी नसायचेच. शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा आणि आबा दाढी वाढलेले, अळशीच्या तेलाच्या वासाचे, घरी येऊन झोपायचे. पुढच्या आठवड्यात सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारायचा, तो वाळला की त्यावर चौकोनी घरं पाडायची, आणि घरागणिक नवा चेहरा मोठा करत न्यायचा. आबांनी किती चेहरे रंगवले आणि किती चेहऱ्यांवर स्वतःच्या हातानं पांढरं फासलं, याचा काही हिशेब नाही.

ते पोस्टर आमच्याकडं आलं ते रद्दी म्हणून. एका टॉकीजला सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमा यायचा. एकदा मुंबईच्या ऑफिसातनं रिळं आली बरोबर, पण सोबतचं पोस्टरचं भेंडोळं भलत्याच सिनेमाचं निघालं. तेही फ्रेंचमध्ये. मॅनेजर वैतागला आणि ते आबांकडं फेकून म्हणाला, "पेंटर, न्या हे. मागच्या बाजूला तुमच्या रेघोट्या मारायला उपयोगी पडंल." बाकीच्या कागदांच्या पाठीवर आबांनी खरंच रेघोट्या मारल्या. हे एक मात्र घरी आणलं आणि फ्रेम केलं.

चित्र सांगतो. मागं सपाट पिवळा रंग, आमच्या हळदीसारखा. मध्ये लांबलचक जेवणाचं टेबल. टेबलाशी गोरे पाहुणे, नटूनथटून बसलेले, कुणी खोखो हसतंय, कुणाचे केस भीतीनं ताठ उभे. टेबलाच्या टोकाला हिरवट सांगाडा, गळ्यात पांढरा रुमाल बांधून, हातात काटा-चमचा घेऊन, पंगतीचा मानकरी असल्यागत बसलेला. आणि डाव्या कडेला वाढणारी बाई. तिच्या हातात मोठं झाकलेलं भांडं. वर लाल थरथरती अक्षरं, जी आमच्या पेठेत कुणालाही वाचता येत नव्हती. आम्ही त्याला 'पंगत' म्हणायचो. सिनेमा आम्ही कधी बघितला नाही. तो कोल्हापूरला आलाच नाही.

आबांचा मात्र त्या चित्रावर जीव होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते मला समोर बसवायचे. "बघ, ह्या गड्यानं सावली काळी टाकली न्हाय. जांभळी टाकलीया. म्हून हाडं भिंतीतनं भाईर आल्यागत दिसत्यात." त्यानंतर कोल्हापुरातल्या सगळ्या खलनायकांच्या गालांखाली जांभळी सावली पडायला लागली, हे मी स्वतः बघितलंय. छापील चित्रावरनं शिकून, न बघितलेल्या गुरूची विद्या आबांनी वीस फुटांवर नेली. कोपऱ्यात त्या फ्रेंच चित्रकाराची बारीक सही होती. आबा काच पुसताना त्या सहीवर जरा जास्तच वेळ फडकं फिरवायचे.

"आबा, हा पिच्चर भ्याचा हाय का हसायचा?" मी विचारायचो.

"तेच तर कळंना झालंय," आबा म्हणायचे. "काढणाऱ्यानं सांगितलंच न्हाय. निम्मी हसत्यात, निम्मी भ्यात्यात. सगळं त्या वाढणाऱ्या बाईवर हाय बघ."

कारण ती बाई डोळा मारत होती. बारीक कोरलेल्या भुवया, लालभडक ओठ, आणि एक डोळा मिटलेला, बघणाऱ्याकडं. आईची दुसरी तक्रार तीच. सांगाडा एक वेळ परवडला, पण ती बया नको. "घरातल्या बापय माणसांस्नी डोळा मारती भवानी," असं म्हणून आई फ्रेम उलटी करताना तिच्या तोंडावर मुद्दाम जोरात फडकं मारायची. आम्ही पोटं धरून हसायचो.

एकदा आईनं आबांना विचारलं होतं. मी तिथंच अभ्यासाला बसलो होतो. आबा जेवत होते आणि आई वाढत होती. म्हणाली, "साऱ्या दुनियेच्या बायका रंगवता. माझं एक काढा की चित्र. ल्हानसं."

आबांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "न्हाय काढायचं."

"का ओ? मी काय एवढी वाईट हाय?"

"उस्तादांनी सांगितलंय. ज्या हातानं दर आठवड्याला तोंडांवर चुना मारायचा, त्या हातानं घरचं माणूस काढायचं न्हाय."

हे उस्ताद म्हणजे आबांना ज्यांनी ब्रश धरायला शिकवलं ते म्हातारे मुसलमान पेंटर. बॅनरवाल्यांत हा नियम कडक होता. कितीही सुंदर चेहरा काढा, आठ दिवसांत त्यावर पांढरा हात फिरणारच, आणि तो आपल्यालाच फिरवायचा. त्यात घरचं माणूस नको. आईनं वादही घातला नाही. "ऱ्हाऊ द्या मग," म्हणाली आणि भाकरी वाढली. मला मात्र आबांचा राग आला होता. मला लहानपणापासनं राग लवकर येतो. अजून येतो, आणि ह्या गोष्टीत त्याच रागानं माझा घात केला.

मी आठवीत असताना श्रावणात आई गेली. चार दिवस ताप, आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. एवढंच लिहितो. बाकीचं मला आजही लिहिता येत नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. आईच्या मागं दिवेलागणीला फ्रेम उलटी करायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप जायचा. मग ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षा आली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी रंगांची पेटी उघडली तर पांढऱ्याची बाटली रिकामी. पिवळी मातकटही तळाला गेलेली, तपकिरी निम्मी, आणि लाल उघडी राहून वाळायला लागलेली. माझं डोकंच फिरलं.

"माझं रंग कुणी संपवलं?"

"मी," आबा म्हणाले. "लागलं."

"तुमच्याकडं डबं भरून रंग हायत! माझ्या शाळेचंच घ्यायला लागतंय व्हय? उद्या माझी परीक्षा हाय!"

आबांनी पायांत चपला सरकवल्या. सायकल काढली आणि अर्ध्या तासात नव्या बाटल्या आणून दिल्या. त्याच संध्याकाळी मी फ्रेमला हात घातला तर आबा मागनं म्हणाले, "ते आता फिरवायचं न्हाय."

"का?"

"न्हाय फिरवायचं. ऱ्हाऊ दे तसंच."

मी तेरा वर्षांचा होतो, आणि आई जाऊन अजून दोन महिने झाले नव्हते. मी ओरडून म्हणालो, "आई गेली आणि तुमचं राज्य आलं. आता तुमचा सांगाडा बसू दे रातभर दात काढत!" मी त्या दिवसापासनं त्या चित्राकडं बघायचं सोडलं. अगदी ठरवून सोडलं. समोर असून न बघण्याची अशी सवय लागली, की पुढं ठरवायचीही गरज पडली नाही.

पुढचं थोडक्यात. मी चित्रकलेचं शिक्षण घेतलं, कोल्हापूरच्याच एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. कॉलेजात असताना आबांच्या बॅनरना मी 'भडक काम' म्हणत असे, त्यांच्या तोंडावर. त्यावर ते एवढंच म्हणायचे, "तुमचं शिक्षान मोठं, बाबा." मग छापील फ्लेक्स आले, आबांचं काम गेलं, टॉकीजही एकेक करून बंद पडली. पंगत आबांच्या खोलीत, त्यांच्या कॉटच्या समोरच्या भिंतीवर गेली. मी लग्न करून वरच्या मजल्यावर.

मग महापुराचं पाणी खालच्या खोलीत शिरलं. आबांना आम्ही वर आणलं, पण कॉटखालची ट्रंक राहिली. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आतल्या फोटोंचा एकच लगदा झाला होता. त्यात आईचे दोनच फोटो होते, एक लग्नातला, मुंडावळ्यांत निम्मा चेहरा झाकलेला, आणि एक कुठल्यातरी बारशातला, लांबनं काढलेला. दोन्ही गेले. भिंतीवरची पंगत पाण्याच्या वर राहिली. पण ओल शिरली, आणि काचेच्या आत बुरशी धरली. त्यात आबांच्या बिडीचा धूर, उदबत्तीचा धूर. पिवळ्याचा चहा झाला होता.

मागल्या वर्षी आबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. दोन्ही डोळे कडेकडेनं विझत आलेले. नळीतनं बघावं तेवढंच मधलं दिसत होतं, आणि डॉक्टर म्हणाले की तेही काही महिन्यांचंच आहे, गेलेलं परत येत नाही. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आबा, काय बघायचं राह्यलंय का? रंकाळ्यावर जाऊ या? राधानगरीला जाऊ या, धरणावर?"

आबा म्हणाले, "धरान काय बघायचं? पंगत जरा साफ करून दे. काचंच्या आत लईच घाण झालीया. नीट दिसंना झालीया. एकदा दिसू दे नीट."

एवढंच मागितलं माणसानं. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. मी ठरवलं, साफ नव्हे, नवंकोरं करून देणार. चाळीस वर्षांपूर्वी ज्या पोरानं त्या चित्रावरनं बापाला बोल लावला, त्यानंच ते उजळून द्यायचं. मनातनं मला ती माफी वाटत होती. तोंडानं मागायची माफी मला कधी जमली नाही.

पुण्यात जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. ओळखीतनं त्यांचा पत्ता मिळाला. शनिवारी फ्रेम गोधडीत गुंडाळून मी एसटीनं घेऊन गेलो. बाईंनी काच काढली, भिंग लावलं, आणि खुश झाल्या. हे दगडावरनं छापलेलं आहे म्हणाल्या, रंगागणिक वेगळा दगड, फार दिवस टिकणारी शाई. वरची लाल अक्षरं त्यांना लागली. सिनेमाचं नाव सांगून म्हणाल्या, "भुताचा आहे, पण विनोदी. खाली लिहिलंय की भित्र्या माणसांनी पोटभर जेवून यावं." मला हसू आलं. आबांना सांगायला घबाड मिळालं म्हटलं.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मी सहावीच्या वर्गावर होतो. साठ पोरं, पाण्याचे डबे सांडलेले, एकानं दुसऱ्याच्या शर्टाला निळा फासलेला. बाई म्हणाल्या, "सर, डावीकडच्या बाईच्या चेहऱ्यावर नंतर कुणीतरी रंग लावलाय. छापील नाही. पाण्यात विरघळणारा साधा रंग आहे. कपाळावर एक लाल ठिपकाही आहे. फोटो पाठवलाय, तो बघून सांगा."

मी फोन कानापासनं काढला, काच तडकलेल्या मोबाईलवर फोटो बघितल्यासारखा केला. एक तपकिरी डाग दिसला. मागं पोरं केकाटत होती. आणि मला एकदम आठवलं, ती बाई डोळा मारायची! म्हणजे हे वरचं कुणाचं तरी लुडबुडीचं काम, किंवा पुरातला डाग.

"बाई, खाली डोळा मारलेला असणार बघा. मला आठवतंय. ते वरचं काढून टाका."

"सर, घाई नाही. घरी विचारून सांगा. एकदा काढलं की परत येणार नाही."

"अहो, मी ड्रॉइंग मास्तर आहे. मूळ चित्र पाहिजे मला. काढा म्हटलं ना!" मी ओरडलोच. वर्ग गप्प झाला. पोरांना वाटलं त्यांनाच ओरडलो.

बाई म्हणाल्या, "बरं."

पंगत परत आली ती नवरीसारखी. मागचा पिवळा लखलखीत, सांगाड्याची हाडं हिरवीगार, खालच्या सावल्या जांभळ्या, आणि कडेला ती बया, लाल ओठांची, एक डोळा मिटून. मी खिळ्यावर फ्रेम टांगली. दुपारचं ऊन खिडकीतनं बरोबर तिच्यावर येईल अशी आबांची खुर्ची सरकवली. बायकोनं चहा आणला. मी उभा राहिलो, शाबासकीची वाट बघत. पंचावन्न वर्षांचा बाप्या, पण खरंच शाबासकीची वाट बघत होतो.

आबांना एका वेळी चित्राचा वाटीएवढाच तुकडा दिसायचा. मान हळूहळू फिरवून ते बघायचे. मला वाटलं आधी सांगाड्याकडं जातील, किंवा सहीकडं. ते थेट डाव्या कडेला गेले. खुर्चीतनं पुढं झुकले, आणखी झुकले, काचेला नाक लागेल इतके. तिथंच थांबले. बराच वेळ.

"परत डोळा मारायला लागली व्हय," आबा म्हणाले.

"मूळ चित्र निघालं, आबा! वर कुणीतरी रंग थापला होता. बाईंनी अल्लाद काढला. आणि कळलं का, पिच्चर हसायचा हाय! भ्याचा न्हवंच."

"हसायचा हाय," आबा म्हणाले. "बरं झालं कळलं." आणि मागं टेकून बसले. चहा प्यायले नाहीत.

मला वाटलं दमले. मी वर गेलो. संध्याकाळी दिवा लावायला बायको खाली गेली आणि लगेच परत वर आली. "आबा बोलवत्यात तुम्हांला. चित्र फिरवायचं म्हणत्यात."

मी खाली गेलो. आबा खुर्चीतच होते. म्हणाले, "तिन्हीसांज झाली. ते भिंतीकडं फिरव."

चाळीस वर्षांत ती फ्रेम कुणी फिरवली नव्हती. मी म्हणालो, "अहो, आत्ता तर आणलं! तुम्हीच म्हणाला होता, फिरवायचं न्हाय म्हणून."

"तवा म्हटलो हुतो. आता फिरव."

मी फ्रेम उचलली. हातात धरल्यावर ती बया अगदी माझ्या तोंडासमोर आली, आणि तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. पांढऱ्याची रिकामी बाटली. मातकट पिवळा. तपकिरी. उघडी राहिलेली लाल. कपाळावरचा लाल ठिपका. आबांनी आपले तेलाचे रंग घेतले नव्हते, कारण ते कागद खातात. त्यांनी माझे शाळेचे रंग घेतले होते. आणि त्या दिवसापासनं फ्रेम फिरवायची नव्हती, कारण आईला भिंतीकडं तोंड करून कोण उभं करणार?

फ्रेम तशीच कॉटवर ठेवली आणि खाली बसलो. "आबा, ती आई हुती?"

आबांनी तोंड कॉटवरच्या फ्रेमकडं वळवलं.

"मला सांगायचं तरी! चाळीस वर्षं! एकदा तरी म्हणायचं, की ही तुझी आई हाय म्हणून!"

"तू बघत न्हवतास," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "उस्तादांनी सांगितलेलं मी मोडलं. ल्हानसं काढा म्हटली हुती, म्हून ल्हानसं काढलं. म्हटलं हे काय बॅनर न्हवं, हे घरात ऱ्हाणार. ह्याला कोण चुना मारतंय? शेवटी बसलाच की चुना."

मी रडलो. बापासमोर, बायकोसमोर, हमसून रडलो. आबा हातानं चाचपत माझं डोकं शोधत होते. ते सापडल्यावर म्हणाले, "गप. तुला काय म्हाईत."

पण मला माहीत असायला पाहिजे होतं. साठ पोरांना मी रोज ओरडून सांगतो की आधी बघा, मग पेन्सिल उचला.

वर जाऊन मी मोबाईल उघडला. बाईंनी पाठवलेला फोटो होता तसाच. बोटांनी मोठा केला. लिंबाएवढा चेहरा, आणि त्यात आई. दोन्ही डोळे उघडे. सांगाड्याकडं बघतीय, पण घाबरून नव्हे. त्याच्या ताटात काय कमी आहे ते बघावं तसं. ती आम्हांला वाढताना अशीच बघायची. ही बघण्याची रीत मी साफ विसरलो होतो आणि ती एवढ्याशा जागेत आबांनी शाळेच्या रंगांनी पकडली होती. ज्याच्या कामाला मी भडक म्हणत होतो, त्या माणसानं.

बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, मी विचारलं होतं." म्हटलं, "विचारलं होतं. तुमचा काही दोष नाही." त्यांनी मूळ मोठा फोटो पाठवला, छापून घेता येईल असा. मी परत रंगवणार आहे म्हटल्यावर म्हणाल्या की त्यांच्या शास्त्रात हे बसत नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण त्यांनी वापरले तसलेच रंग वापरा."

रविवारी दुपारी काच काढली. फोटो छापून शेजारी चिकटवला. शाळेच्या पोरांची रंगांची पेटी आणली, त्यातल्या त्याच चार बाटल्या पुढं काढल्या. आबा खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसले. त्या आठ दिवसांत त्यांची मधली नजरही विझत आली होती; चेहरा असा दिसत नव्हता, नुसती उजेडाची नि रंगाची हालचाल कळायची. तरी हुकूम चालू होते.

"पांढरं आधी पातळ दे. दाट देऊ नको, उडतंय मागनं."

"व्हय."

"नाकाच्या डाव्या अंगाला जांभळं जरासं."

"फोटोत तपकिरी हाय, आबा."

"माझ्याकडं जांभळं न्हवतं तवा. तुझ्या पेटीत न्हवतं. आता हाय न्हवं? दे."

दिलं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा मी आबांच्या हाताखाली काम करत होतो. ब्रश माझा, डोळे माझे, आणि चेहरा त्यांच्या डोक्यातला. दोनदा चुकला. दोनदा ओल्या कापसानं पुसला, आणि प्रत्येक वेळी खालची बया डोळा मारत वर आली. तिसऱ्यांदा डोळे बसले. कुंकू मी शेवटी ठेवलं होतं.

"तीळ घातलास?" आबांनी विचारलं.

"कुठला तीळ? फोटोत न्हाय तीळ."

"हनवटीवर, उजव्या अंगाला. मी इसरलो हुतो घालायला. रंग वाळल्यावर ध्यानात आलं. मग परत ब्रश लावायचं धाडस झालं न्हाय." थोडं थांबून म्हणाले, "तू घाल."

मी तीळ घातला. आईच्या हनवटीवर तीळ होता हे मला तेव्हा आठवलं. त्याच्या आधी आठवत नव्हतं, हे कबूल करतो. मग कुंकू लावलं.

"जमलं का?" आबांनी विचारलं.

"तुमच्याएवढं न्हाय जमलं," मी म्हणालो. ते खरं होतं. नाक अजून जरा माझ्यासारखंच झालंय.

"आईसारखी दिसतीया का?"

"दिसतीया, आबा."

आबांनी मान हलवली. हात पुढं केला, पण रंग ओला असेल म्हणून परत मांडीवर घेतला. मी काच बसवली, फ्रेम खिळ्यावर टांगली. एवढ्यात बाहेर अंधारून आलं. गेल्या आठ दिवसांची सवय होती, त्यामुळं मी न सांगता उठलो आणि फिरवायला फ्रेमला हात घातला. तारेचा आवाज आबांनी ओळखला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुझी आई आता त्या हाडकाला भीत न्हाय."

मी हात काढून घेतला आणि दिवा लावला.